आत्याबाईंचा गळा

आमच्या हिच्या आत्यांनी एका जन्मात जितक्या वेळा बोलणं पहिल्यापासून सुरू केलं असेल, तितक्या वेळा उभ्या भोर तालुक्यात कुणी केलं नसेल. वेल्ह्यात कुणी असेल तर मला ठाऊक नाही, माझं त्या बाजूला जाणं मार्गासनीपर्यंतच. हकिकत कसलीही असो, कुणाच्या बाळंतपणाची नाहीतर कुणाच्या म्हशीची, ती ऐन रंगात यायची आणि नेमका स्टँडातून बाहेर पडणाऱ्या एसटीचा हॉर्न वाजायचा. झालं! आत्याबाई जागच्या जागी थांबायच्या. उजवा हात वर, डोळे मिटलेले, श्वाससुद्धा धरलेला. हॉर्न पुरता विरेपर्यंत त्या तशाच. मग एकच शब्द, "यन्जी!" आणि हकिकत पुन्हा सुरू. जिथं तुटली तिथून नव्हे हो, पहिल्या शब्दापासून. त्याच चालीत, त्याच उसाशासकट. पहिल्या खेपेला "अगंबाई" जिथं आलं होतं, दुसऱ्या खेपेलाही ते तिथंच यायचं. त्यात त्यांचं घर स्टँडाच्या मागच्या आळीत. एका नातेवाइकाच्या मयताची बातमी सांगायला त्या सकाळी आमच्याकडे आल्या, आणि दुपारची जेवणं उरकली तरी तो नातेवाईक जिवंतच होता.

यात सगळ्यात नाजूक परिस्थिती माझी. मी पडलो गिरणीवाला, आणि माझी गिरणी आत्याबाईंच्या भिंतीला भिंत लावून. माझ्या धंद्यात आवाज म्हणजेच भाकरी. पण आत्याबाईंना शेजारणीला काही महत्त्वाचं सांगायचं असलं, की त्या गिरणीच्या दारात येऊन हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "जावईबापू, मशीन!" बाकी काही नाही. मी बंद करायचो. काय करणार? दगडात धान्य असताना गिरणी थांबवली की पुन्हा चालू होताना ती रुसते, हे त्या माउलीला कोण सांगणार! ऐन दिवाळीच्या तोंडावर भाजणीचे डबे दारापर्यंत लागलेले, बायका तणतणतायत, आणि मी पट्टा उतरवून हाताची घडी घालून उभा. का, तर पलीकडे आत्याबाई कुणाला तरी लिंबाच्या लोणच्याची कृती सांगतायत. "तुमच्या घरात सासू न्हाई तर तुमी आत्तीसासू करून घेतलीया," असं एक गिऱ्हाईक मला तोंडावर म्हणालं होतं. तिचं खोटं नव्हतं.

यन्जी म्हणजे काय, ते लग्नानंतर कितीतरी दिवस मला कळलं नव्हतं. आधी वाटलं एखादी देवी असेल; मग वाटलं शिवी असेल, कारण पातळ चहा यन्जी, फिका पडलेला हळदीकुंकवाचा समारंभ यन्जी, आणि एका पुतण्याचं लग्न मोडलं तेव्हा तेही "यन्जी झालं बाई" एवढ्यात निकालात निघालं होतं. शेवटी हिनंच सांगितलं. सिनेमा कंपनीत एखादा तुकडा बिघडला की साहेब तसं ओरडतात. मी म्हटलं, तुझ्या आत्यांचा आणि सिनेमा कंपनीचा काय संबंध? तर ही माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी लग्नाच्या बोहल्यावर भलत्याच घराण्यात उभा राहिलो होतो. तेव्हा मला कळलं, की चुलीवर दूध उतू गेलं तरी हात वर करून उभी राहणारी ही बाई एकेकाळी बोलपटात गात होती. नुसती गात नव्हती. भिंतींवर चिकटवलेल्या मोठाल्या कागदांवर तिचं चित्र असायचं आणि लोक तिच्या गाण्यासाठी पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. तेव्हा ती परकरात होती.

त्या काळाची रीतच वेगळी. आता एकजण तोंड हलवतो आणि दुसराच कुणीतरी गातो. तेव्हा ज्याचं तोंड त्याचाच गळा, आणि तोही चित्र काढतानाच. आत्याबाई सांगायच्या (अर्थात चार-पाच वेळा पहिल्यापासून), की त्या झाडाखालून गात चालायच्या आणि झाडामागून पेटीवाले पेटी गळ्यात बांधून, तबलजी तबला कमरेला बांधून, ठेचकाळत त्यांच्याबरोबर चालायचे. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून त्याला गोधड्या गुंडाळलेल्या. आवाज पकडणारे साहेब कानाला यंत्र लावून एका गाडीत बसलेले, आणि कावळे हाकलायला पगारी माणूस. एवढं सगळं करून गाण्याच्या शेवटच्या ओळीला कुठं एखादा कावळा ओरडला, की साहेब गाडीतून ओरडायचे, "एन. जी.!" म्हणजे नो गुड. झालं, सगळं पहिल्यापासून. जोडकाम नाही, ठिगळ नाही. ज्या वयात पोरं पाढे शिकतात त्या वयात ही शिस्त अंगात मुरलेली. ती काही नंतर निघाली नाही.

आवाज पकडायचं यंत्र तेव्हा लपवून ठेवावं लागायचं, ते बहुतेक वेळा फुलझाडाच्या कुंडीत. त्यामुळे आत्याबाई महत्त्वाचं बोलणं माणसाशी बोलतच नसत, कुंडीशी बोलत. हिच्यासाठी माझ्याकडे मागणी घालायला त्याच आल्या होत्या, कारण हिला लहानाचं मोठं त्यांनीच केलेलं. स्वतःला मूलबाळ नाही, यजमान एसटीत मेकॅनिक, ते लवकर गेले. आमच्या ओट्यावर तेव्हा मोगऱ्याची कुंडी होती. वडील समोर बसलेले, आणि आत्याबाई त्यांच्याकडे पाठ करून मोगऱ्यावर वाकून, कंपनीत शिकलेल्या घोटीव भाषेत सांगतायत, "आमची कन्या सुशील आहे, गृहकृत्यदक्ष आहे." तेवढ्यात बाहेर गाढव ओरडलं. यन्जी! पुन्हा, "आमची कन्या सुशील आहे." मग शेजारच्यांनी बादली आपटली. पुन्हा सुशील. वडील मला आत घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "मुलगी काय ती बघू, पण ही बाई आपल्या झाडाशी सोयरीक जुळवतीय." तिसऱ्यांदा कन्या सुशील झाली तेव्हा त्यांनी हात जोडून होकार दिला. माझं लग्न हे असं एका गाढवाच्या आणि एका बादलीच्या कृपेनं जमलं.

उजेडाचंही तसंच. तोंडावर उजेड नसेल तर आत्याबाई उभ्या राहायच्या नाहीत. मंगळवारच्या बाजारात भाजी घेताना त्या भाजीवालीला उठवून पलीकडे बसवायच्या, म्हणजे ऊन आपल्या चेहऱ्यावर येईल. लग्नाच्या पंगतीत वाढपी समोर उभा राहिला की, "बाळा, उजेड सोड." आणि बांगड्या! बायका बांगड्या हाताला भरतात, आत्याबाई कानाला लावायच्या. बाजारपेठेत आमच्या ओळखीचे एक बांगडीवाले चाचा आहेत. त्यांच्या दुकानात जाऊन त्या एकेक बांगडी कानाशी टिचकी मारून ऐकायच्या आणि परत ठेवायच्या. त्याचं कारण असं, की त्यांचे पहिले दोन बोलपट, ज्यांत त्यांचा स्वतःचा गळा होता, ते आता कुठंच उरलेले नाहीत. कंपनी बुडाल्यावर जुनी रिळं भंगारात गेली, आणि ती वितळवून त्यांच्या बांगड्या करतात असं कंपनीच्या जुन्या मॅनेजरनं त्यांना कधीतरी सांगितलेलं. "चाचा, ह्यात मी आसंन का वो?" त्या विचारायच्या. दुसरा कुणी असता तर हसला असता. चाचा बांगडी उजेडात धरून निरखून बघायचे आणि म्हणायचे, "न्हाई आत्या, ह्या काचंच्या हायेत. तसल्या जुन्या कुठं आल्या तर आदी तुमाला हाक मारीन." त्यांनी खरंच शोध ठेवला होता. एकदा कुठल्याशा जुन्या घराच्या अडगळीतून निघालेल्या चार पिवळट बांगड्या घेऊन ते स्वतः घरी आले. आत्याबाईंनी त्या उशाशी ठेवल्या. त्यातून आवाज काही आला नाही, पण त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

त्यांचं सिनेमातलं येणं म्हणजेही एक यन्जीच. माहेर हिर्डोशीचं, वरंध घाटाच्या अंगाला. बाप भात आणि नाचणी करायचा, आणि त्या कणसं धरली की माळ्यावर बसून पाखरं हाकायच्या. एका वर्षी कंपनी तिकडे डोंगरात चित्र काढायला आली. खाली ओढ्याकाठी कुणी नामांकित बाई झाडाला टेकून विरहाचं गाणं म्हणतायत, आणि वरून ह्या पोरीची आरोळी. यन्जी. पुन्हा बाई टेकल्या, पुन्हा आरोळी. शेवटी आवाजवाले साहेब कानाचं यंत्र काढून, धोतराचा सोगा हातात धरून बांध चढत वर आले, ते या कार्टीच्या मुस्कटात द्यायला. वर आले तेव्हा पोर पाखरांना आपलं आपणच जुळवलेलं काहीतरी म्हणत होती, "नको रे राघू, कणीस मोडू." साहेब माळ्याखाली बसले. मग त्यांनी खाली निरोप धाडला, की गाडी वर आणा. विरहवाल्या बाईंनी त्या दिवशी चहा टाकून दिला म्हणतात. पुढं ते पाखरांचं गाणं बोलपटात आलं, आणि लोकांनी ते एवढं उचलून धरलं, की पुण्यातल्या बायका पोरांना जेवू घालताना म्हणायच्या. दोन बोलपट असे गेले. कंपनीच्या गाडीतून पोर गावी आली की सगळी हिर्डोशी रस्त्याला.

तिसऱ्या बोलपटाचं सांगताना मात्र आत्याबाई कधीही यन्जी म्हणाल्या नाहीत. मध्ये हॉर्न वाजो, कुकर फुटो, त्या तसंच पुढं सांगत जायच्या, लवकर संपवायला. नसरापूरच्या जत्रेत तंबूतलं टॉकीज आलं होतं. बापानं अख्खी भावकी बैलगाड्यांत घातली आणि संध्याकाळच्या खेळाला नेली. पडद्यावर पोर आली, लोकांनी शिट्ट्या मारल्या, तिनं गाण्याला तोंड उघडलं. आणि त्यातून दुसरीच कुणीतरी गायली. कंपनीत नवं यंत्र आलं होतं. चित्र काढताना गाऊन घेतलं होतं तिच्याकडूनच, आणि मागाहून ते पुसून तिथं एका मोठ्या बाईंचा गळा बसवला. घरी कुणी कळवलं नव्हतं. परकरातल्या पोरीला कशाला कळवतात? "म्या तोंड दाबून धरलं," आत्याबाई सांगायच्या, "पर पडद्यावरचं तोंड कसं दाबू?" तंबूत टाळ्या पडल्या. बापानंही वाजवल्या. परत येताना गाडीत बाप म्हणाला, "तुझ्या गळ्याला त्या डब्यात गारठा लागला आसंल." त्याला कळलं होतं. त्यानंतर कंपनीची गाडी न्यायला आली तेव्हा पोर नाचणीच्या रानात लपून बसली ती बसलीच. आणि पुन्हा कधी पुरं गाणं म्हटलं नाही. लग्नात नाही, बारशाला नाही, देवासमोरसुद्धा नाही. सकाळी पाणी तापवताना त्या जेमतेम "नको रे राघू" एवढं गुणगुणायच्या आणि थांबायच्या. पुढचं गाणं आम्ही कुणी ऐकलेलंच नव्हतं.

हे सगळं असंच गुणगुणत संपलं असतं. पण सहा-सात वर्षांमागं कुणा उत्साही माणसाला त्या तिसऱ्या बोलपटाचा एक तुकडा सापडला आणि त्यानं तो मोबाईलवर सोडून दिला. बाकीचं सगळं बांगड्या होऊन गेलं, आणि उरला तो नेमका हा तुकडा! आत्याबाईंचं तोंड आणि परक्या बाईचा गळा. झालं, भोरच्या प्रत्येक मोबाईलवर तो फिरला. "आपल्या मातीतली गानकोकिळा!" खाली शंभर हात जोडलेले. रस्त्यात लोक थांबवून सांगायला लागले, "आत्या, काय गोड गळा व्हता वो तुमचा!" मग एका मंडळानं सत्कार ठरवला. हॉल भरला, शाल झाली, नारळ झाला, आणि मोठा पडदा लावून तो तुकडा दाखवला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी आणि ही पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो, कारण सगळ्या हॉलमध्ये काय चाललंय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. अध्यक्ष म्हणाले, दोन शब्द बोला. आत्याबाई उठल्या, माईक बाजूला सारला आणि टेबलावरच्या फुलदाणीवर वाकल्या. कंपनीची भाषा त्या दिवशी त्यांनी वापरली नाही.

"गाणं चांगलं झालंया," त्या म्हणाल्या. "जिनं म्हटलं तिचं नाव मला ठावं न्हाई. तिला बी एक नारळ द्या."

लोकांना वाटलं, काय हा विनय! पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गिरणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हात वर केला नाही. मीच आपणहून मशीन बंद केलं.

"जावईबापू, तुमच्या मोबाईलात आवाज धरता येतोया का?"

"येतो की."

"मंग माझा धरा. एकदा सबंध. माझ्या तोंडातनं माझाच."

काम केवढं सोपं वाटलं मला! कप्पाळ. गिरणी बंद ठेवली, कुंडी आणली, तिच्यात मोबाईल खोचला, आत्याबाईंनी तोंड उन्हाकडे केलं, गळा साफ केला, सूर लावला. आणि घंटागाडी आली. यन्जी. मग शेजारचा कुकर. मग कांदा-बटाट्याच्या टेम्पोवरचा भोंगा, मग बुलेट, मग कावळा. कावळ्याकडे तर आत्याबाई अशा बघायच्या, की त्यांची जुनी ओळख असावी. दर वेळी पहिल्यापासून, आणि दर वेळी बिघडलेलं माझ्याकडून पुसून घ्यायच्या. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "आत्याबाई, अहो थोडं थोडं म्हणा. हल्ली हे तुकडे जोडता येतात, कुणाच्या बापाला कळत नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पायाखाली बघायला लागलो. "जोडकाम? त्येच तर केलं व्हतं त्यांनी." मार्गासनीला आमच्या एका पाहुण्यांच्या मळ्यात गेलो, तर तिथं मळणीयंत्र लागलेलं. त्यांनी "पाच मिन्टं बंद करतू की" म्हणून बंद केलं, तर लांबचं दुसरं ऐकू यायला लागलं. असं करत करत पाऊसकाळ आला आणि गेला. इकडे आत्याबाईंना जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि तिथंच मला सांगितलं, जपा, फार बोलू देऊ नका. घरी येताना आत्याबाई म्हणाल्या, "बोलू नका म्हनले. गाऊ नका आसं न्हाई म्हनले." मी हसलो, पण मला त्या दिवशी खरोखर भीती वाटली. ते गाणं म्हणणाऱ्या पुण्यातल्या बायका केव्हाच गेल्या होत्या; आता ते फक्त त्या एका बाईच्या पोटात होतं. ती गेली असती तर मागं तिच्या नावावर उरला असता तो दुसरीचाच गळा.

भातं निघाल्यावर एके दिवशी सकाळी मी गिरणीला कुलूप घातलं आणि टेम्पो काढला. पुढं आत्याबाई, मध्ये ही, आणि मागं पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर मोगऱ्याची कुंडी. हिर्डोशीला त्यांचं ते रान आता चुलतभावाच्या नातवाकडे आहे. माळा कधीच गेलेला. पाखरं हाकायला आता रंगीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधतात, त्याही कापणीनंतर काढून ठेवलेल्या. रिकामी खाचरं, वर डोंगर, आणि शांतता अशी, की माझ्या कानाला गिरणीची सवय म्हणून मलाच भणभणायला लागलं. जिथं माळा होता तिथं बांधावर आम्ही कुंडी ठेवली. आत्याबाईंनी लुगड्याचा पदर सारखा केला, उन्हाकडे तोंड केलं आणि मला म्हणाल्या, "तुमी वरडा." मी काय ओरडायचं ते मला माहीत होतं. "सायलेन्स!" असा मी त्या मोकळ्या रानात ओरडलो. तिथं आमच्याशिवाय कुणी नव्हतं, पण खरंच सगळं थांबलं असं मला वाटलं.

आणि आत्याबाई गायल्या. नको रे राघू, कणीस मोडू. पुढं काय होतं ते तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. पोर राघूला सांगते, माझा बाप उन्हातान्हात राबलाय, तू दुसऱ्या रानी जा. मग तिलाच त्याची दया येते, आणि शेवटी ती म्हणते, बरं, एक कणीस घेऊन जा, पण बापाला सांगू नको. वर चढताना आवाज चिरकायचा, श्वास मध्येच तुटायचा, पण सूर कुठं सुटला नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही. मी नुसता रडत होतो. हिनं माझा हात धरला होता. एक कावळा डोक्यावरून गेला तो मुकाट्यानं गेला. शेवटची ओळ झाली, आत्याबाईंनी हात वर केला, विरेपर्यंत थांबल्या आणि खाली घेतला. यन्जी म्हणाल्या नाहीत.

"लावा," म्हणाल्या.

मी मोबाईलवरची माती झटकली, गाणं लावलं आणि तो परत कुंडीत खोचला. त्या कुंडीवर वाकून कान देऊन ऐकत राहिल्या. दोन-तीन ओळी झाल्या असतील, त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ही कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुम्हीच की, आत्याबाई."

"माझा गळा न्हाई हा." त्या सरळ झाल्या. माझ्याकडे बघेनात. "जावईबापू, तुमी बी? पुन्यांदा दुसरीचाच घातला व्हय?"

अहो, त्यांच्या कानात सगळा जन्म तो परकरातल्या पोरीचा गळा वाजत होता. तो मिळवायला त्या एवढ्या लांब आल्या होत्या, आणि मोबाईलनं त्यांच्या हातात एक म्हातारी दिली. यात लबाडी कुणाचीच नव्हती, आणि म्हणून रागवायलाही कुणी नव्हतं. ही पुढं झाली, "आत्या, अगं…" म्हणून, आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आत्याबाई बांधावर बसल्या. मी बाजूला उभा राहून ढेकळं लाथाडत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी कुंडीकडे बोट दाखवलं.

"परत लावा."

या खेपेला त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, शेवटपर्यंत. राघूला कणीस दिलं तिथं त्यांची मान हलली, जशी दुसऱ्याचं गाणं ऐकताना हलते तशी.

"म्हातारी हाय," त्या म्हणाल्या. "पर सुरात हाय वो."

मी विचारलं, "पुसू का?" इतके दिवस दर वेळी पुसायचंच असायचं.

"नगा, नगा. राहू द्या तिचं. लई लांबनं आलीया बिचारी."

पुढच्या भातलावणीच्या आधीच आत्याबाई गेल्या. शोकसभेला मंडळानं पुन्हा पडदा लावला आणि पुन्हा तोच तिसऱ्या बोलपटातला तुकडा दाखवला. मी आधी जाऊन हिर्डोशीचं गाणं त्यांना ऐकवलं होतं. पोरं चांगली, मन लावून ऐकलं त्यांनी. मग त्यातला एक जण म्हणाला, "काका, ह्यात आवाज नीट आलेला नाही. म्हातारपणचा वाटतो. ओरिजिनल जास्त गोड आहे, तेच लावू." मी मोबाईल खिशात घातला. सभेत चाचा मागच्या रांगेत होते. पडद्यावर गाणं लागलं तेव्हा ते उठून बाहेर गेले. त्या चार पिवळट बांगड्या हिनं त्यांनाच परत दिल्या, त्या आता त्यांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात आहेत. विकायच्या नाहीत म्हणून वेगळ्या ठेवल्यात.

गिरणी आता दिवसभर चालते. हात वर करून दारात कुणी येत नाही, बायका डबे भरभर घेऊन जातात, धंदा बरा आहे, आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटत नाही. दुपारी जेवणाआधी मात्र मी मशीन बंद करतो, मोबाईल काढून ओट्यावरच्या कुंडीत ठेवतो आणि ते गाणं लावतो. राघूला कणीस द्यायची ओळ जवळ येते, आणि नेमका स्टँडातून एसटीचा हॉर्न वाजतो. माझा हात वर जातो. ही आतून हाक मारते, "अहो, पान वाढलंय, या की!" मी हॉर्न विरेपर्यंत थांबतो.

"आलो," म्हणतो, "यन्जी झालं गं," आणि पहिल्यापासून लावतो.